छळणारा मुलगा कुणाच्या घरचा?

सोळा वर्षांची एक मुलगी रात्रीच्या अंधारात, घरातली माणसे झोपेत असताना, कुणालाही न सांगता घराबाहेर पडते. मुलगी गणितात विलक्षण हुशार आहे. तिच्या जमातीतून आजवर कुणीही गेलेले नाही अशा विद्यापीठात तिला प्रवेश मिळाला आहे, आणि सगळा खर्च विद्यापीठच करणार आहे. घरच्यांचा मात्र विरोध आहे. आपली माणसे माती सोडून कुठे जात नाहीत, असे त्यांचे म्हणणे. शिवाय हे विद्यापीठ शेजारच्या शहरात नाही, ते दुसऱ्या ग्रहावर आहे. किंबहुना तो सगळा ग्रहच विद्यापीठ आहे. तिथल्या शंभरांत जेमतेम पाच जण माणसे, बाकीचे ठिकठिकाणच्या ग्रहांवरून आलेले जीव.

अंतराळयानाच्या तळावर मुलगी रांगेत उभी राहते. तिच्या अंगाला आणि वेण्यांना तांबड्या मातीचा लेप आहे. तिच्या लोकांची ती रीतच. तेवढ्यात मागे उभी असलेली एक बाई न विचारताच तिची वेणी हातात घेते, आणि त्या मातीला वास कसला येतो याची चर्चा सुरू होते. मुलगी जणू तिथे नाहीच!

ही गोष्ट आहे ‘बिंती’ नावाच्या लघुकादंबरीतली. नायजेरियन आईवडिलांच्या पोटी अमेरिकेत जन्मलेल्या नेडी ओकोराफोर या लेखिकेने ती लिहिली. २०१५ साली ती प्रसिद्ध झाली आणि विज्ञानकथांसाठी दिले जाणारे ह्यूगो आणि नेब्युला हे दोन्ही मानाचे पुरस्कार तिला मिळाले. बिंतीची हिंबा जमात काल्पनिक नाही. आफ्रिकेतल्या नामिबियाच्या उत्तर भागात हे लोक राहतात आणि तिथल्या बायका अंगाला तांबड्या मातीचा लेप आजही लावतात.

लेखिकेने या गोष्टीत काय काय कल्पिले आहे! एक प्रचंड, कोळंबीसारखा जिवंत प्राणीच अंतराळयान झाला आहे आणि त्याच्या पोटात बसून मुले शिकायला निघाली आहेत. इतक्या दूरच्या भविष्यकाळात तिची कल्पना पोचली. पण परक्या मुलीच्या वेणीला न विचारता जाणारा तो हात मात्र तिला त्या भविष्यकाळातून काढून टाकता आला नाही. याने बदलतील, ग्रह बदलतील, तो हात तिथेच राहील, असे तिला वाटले असावे. का वाटले असेल?

हा प्रश्न मला दरवर्षी प्रवेशांच्या दिवसांत पडतो. घराघरांत तेव्हा बॅगा भरल्या जात असतात. महाविद्यालयांची गुळगुळीत कागदावरची माहितीपत्रके टीपॉयवर पडलेली असतात. त्यांत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रयोगशाळेचा फोटो असतो, काचेच्या इमारती असतात, ‘उद्याचे नेतृत्व इथे घडते’ अशा थाटाची वाक्ये असतात. आई चिवड्याचा आणि लाडवांचा डबा भरत असते, वडील वसतिगृहाच्या फीची पावती चौथ्यांदा तपासत असतात, आणि दोघांच्याही मनात एकच धास्ती असते. आपल्या मुलाला तिथे कुणी त्रास तर देणार नाही ना?

ही धास्ती रास्त आहे. पण इतक्या वर्षांत मी एकाही घरात दुसरा प्रश्न ऐकला नाही. आपला मुलगा तिथे कुणाला त्रास तर देणार नाही ना?

छळ होतो हे आपल्याला मान्य असते. छळ सोसणारा कुणाच्या तरी घरचा असतो हेही आपल्याला कळते आणि त्याच्या आईबापांसाठी जीव तुटतो. पण छळणाराही कुणाच्या तरी घरचाच असतो. तोही असाच लाडवांचा डबा घेऊन निघालेला असतो. आणि आपल्यासारख्या सुसंस्कृत म्हणवणाऱ्या घरातूनच तो पुष्कळदा निघालेला असतो.

भविष्यकाळातली गोष्ट राहू द्या. घडून गेलेली एक हकिकत सांगतो.

जोसलिन बेल ही उत्तर आयर्लंडमधल्या लर्गन गावची मुलगी. जन्म १९४३चा. शाळेत विज्ञानाच्या तासाला मुलगे प्रयोगशाळेत आणि मुली स्वयंपाकाच्या वर्गात अशी वाटणी झाली, तेव्हा तिच्या आईवडिलांनी शाळेकडे तक्रार केली आणि तिला विज्ञानाचा वर्ग मिळाला. पुढे ती ग्लासगो विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकायला गेली. शेवटच्या वर्षांत सुमारे पन्नास विद्यार्थ्यांच्या वर्गात ती एकटीच मुलगी होती. तिथे एक ‘परंपरा’ होती. वर्गात मुलगी शिरली की सगळ्या मुलांनी पाय आपटायचे, शिट्ट्या मारायच्या, बाके बडवायची. ती लाजून लाल झाली की गोंगाट आणखी वाढायचा. तेव्हा चेहऱ्यावर लाली येऊ न देण्याची सवय तिने प्रयत्नपूर्वक लावून घेतली. तिनेच हे पुढे मुलाखतींत सांगितले आहे.

१९६५ साली ती संशोधनासाठी केंब्रिजला गेली. तिथेही आपण चुकून आलो आहोत, एक दिवस हे या लोकांच्या लक्षात येईल आणि ते आपल्याला काढून टाकतील, अशी भीती तिला सतत वाटे. मग तिने ठरवले की काढतील तेव्हा काढतील, तोवर आपण कामात कसूर ठेवायची नाही. म्हणजे निदान आपल्याला अपराधी वाटणार नाही. नव्या रेडिओ दुर्बिणीसाठी खांब ठोकण्यापासून तिने कष्ट केले. दुर्बीण सुरू झाल्यावर रोज सुमारे तीस मीटर लांबीचा आलेखाचा कागद बाहेर पडे. तो ती डोळ्यांत तेल घालून तपाशी. त्या लांबलचक कागदावर जेमतेम पाव इंच जागेत एक विचित्र खरखर तिला दिसली. दुसऱ्या कुणी ती बिघाड म्हणून सोडून दिली असती. तिने सोडली नाही. त्यातूनच १९६७ साली, सव्वा सेकंदापेक्षा किंचित अधिक अंतराने नेमाने स्पंदन पाठवणाऱ्या पहिल्या पल्सार ताऱ्याचा शोध लागला. विसाव्या शतकातल्या खगोलशास्त्राच्या मोठ्या शोधांपैकी हा एक.

१९७४ साली या शोधासाठी नोबेल पारितोषिक मिळाले ते तिच्या मार्गदर्शकांना. ते सगळे प्रकरण आज बाजूला ठेवू. २०१८ साली तिला तीस लाख डॉलरचा ‘ब्रेकथ्रू’ पुरस्कार मिळाला, तेव्हा तिने सगळी रक्कम देऊन टाकली. ज्या समाजगटांतून पदार्थविज्ञानाच्या संशोधनात फारसे कुणी येत नाही, अशा विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांसाठी! आपण परके म्हणून वावरलो, उपरे असल्याच्या भीतीनेच आपली नजर इतकी बारीक झाली. तेव्हा असे आणखी परके विज्ञानात आले तर ते विज्ञानाच्याच फायद्याचे, असे तिचे साधे गणित होते.

इथे एखादा वाचक म्हणेल, “पाहा, म्हणजे त्रासानेच माणूस घडतो!” हा युक्तिवाद आपल्याकडे फार लाडका आहे. रॅगिंगने मुले धीट होतात, घरकोंबडेपणा जातो, पुढे सीनियर्सशीच दोस्ती होते वगैरे. आमच्या पिढीने हे इतक्या वेळा ऐकले की ते खरेच वाटू लागले.

पण यात एक साधी चूक आहे. आपण फक्त टिकलेल्यांना मोजतो. त्या वर्गातल्या बाकांच्या आवाजाला घाबरून ज्या मुली पदार्थविज्ञानाकडे फिरकल्याच नाहीत, त्यांच्या नावावर कोणता तारा नोंदला गेला नाही, याचा हिशेब कुठे आहे? पुरातून पोहून पलीकडे गेलेल्या एकाचे कौतुक करावे, पण म्हणून पूर चांगला असे कुणी म्हणत नाही.

आणि आपल्याला तर उदाहरणासाठी ग्लासगोला जायचेही कारण नाही. साताऱ्याच्या शाळेत भीमराव आंबेडकर नावाच्या मुलाला वर्गात बसायला स्वतःचे गोणपाट घरून आणावे लागे आणि ते संध्याकाळी परत न्यावे लागे. तहान लागली तर शिपायाने वरून पाणी ओतायचे, आणि शिपाई नसला तर पाणी नाही. हाच विद्यार्थी १९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेला. तिथे त्याला कुणी वेगळे बसवले नाही. आयुष्यातले आपले सर्वांत चांगले मित्र म्हणजे कोलंबियातले काही सहाध्यायी आणि जॉन ड्यूई, सेलिग्मन यांच्यासारखे प्राध्यापक, असे बाबासाहेबांनी पुढे लिहून ठेवले. आणि १९१७ साली, जगातल्या उत्तम विद्यापीठांत शिकून ते नोकरीसाठी बडोद्याला आले, तेव्हा राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहावे लागले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या जमावाने तिथूनही त्यांना बाहेर काढले.

माणूस तोच, बुद्धी तीच. बदलली होती ती फक्त भोवतालची माणसे. बुद्धिमान मुलाला घडवायला अपमान लागतो, असे ज्यांना वाटते त्यांनी कोलंबियातली ती तीन वर्षे एकदा आठवावीत. त्या तीन वर्षांत त्यांनी जो अभ्यास केला तो अपमानामुळे नव्हे. तिथे अपमान नव्हता म्हणून डोके मोकळे होते आणि सगळा वेळ पुस्तकांना देता येत होता.

स्वतंत्र भारताने आपली भविष्याची विद्यापीठे मोठ्या उमेदीने उभी केली. पहिली आयआयटी १९५१ साली खरगपूरला सुरू झाली ती हिजलीच्या जुन्या बंदिवासात. इंग्रजांनी स्वातंत्र्यसैनिकांना जिथे डांबले, तिथेच उद्याचा भारत घडतो आहे, याचे नेहरूंना फार अप्रूप होते. १९५६ सालच्या तिथल्या पहिल्या पदवीदान समारंभात त्यांनी ते बोलूनही दाखवले. मुंबईची आयआयटी १९५८ साली सुरू झाली. मग बाकीच्या आल्या, वैद्यकीय महाविद्यालये आली, आणि शहरांतल्या शिकलेल्या घरांपलीकडली मुले हळूहळू या दारांतून आत येऊ लागली. आज तर जेईई मेन ही परीक्षा २०२१ पासून मराठीतूनही देता येते. पण त्यापुढची अ‍ॅडव्हान्स्ड इंग्रजी आणि हिंदीतच असते, आणि आत गेल्यावर वर्ग इंग्रजीत चालतो. म्हणजे दार उघडले आहे, पण उंबरठा उंच आहे.

उंबरठ्याशी अडखळणाऱ्याला हात द्यायचा की हसायचे, हा खरा प्रश्न. आपण काय केले ते सरकारी कागदपत्रांतच नोंदलेले आहे. महाराष्ट्राने १९९९ साली रॅगिंगविरोधी कायदा केला. दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड, महाविद्यालयातून हकालपट्टी आणि पाच वर्षे दुसरीकडे प्रवेश नाही, अशा त्यात तरतुदी आहेत. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून सीबीआयचे माजी संचालक आर. के. राघवन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिचा अहवाल २००७ साली आला. त्याच वर्षी दिल्लीच्या ‘एम्स’मधल्या भेदभावाच्या तक्रारींवर प्रा. सुखदेव थोरात यांच्या समितीचा अहवाल आला. देशातली सर्वांत हुशार समजली जाणारी मुले जिथे डॉक्टर होतात, तिथे दलित-आदिवासी विद्यार्थी छळाला कंटाळून खोल्या बदलतात आणि वसतिगृहाच्या वरच्या मजल्यांवर एकत्र राहू लागतात, असे त्यातून पुढे आले. एका अर्थी गोणपाट गेले होते, पण वेगळी जागा राहिली होती.

मार्च २००९ मध्ये हिमाचल प्रदेशातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात सीनियर्सनी केलेल्या मारहाणीनंतर पहिल्या वर्षाचा एक विद्यार्थी मरण पावला. त्याचे वडील राजेंद्र काचरू यांनी दुःखाने घरात बसून न राहता रॅगिंगविरोधी कामाला वाहून घेतले. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम आले आणि १८००-१८०-५५२२ ही मदतवाहिनी सुरू झाली. २०१६ साली आयोगाने रॅगिंगची व्याख्या वाढवली. आता केवळ मारहाण किंवा नव्या मुलांना नाचायला लावणे एवढेच त्यात येत नाही. जात, धर्म, वर्ण, भाषा, गाव, आर्थिक परिस्थिती, दिसणे, लिंग यांवरून केलेला कोणताही शारीरिक वा मानसिक छळ म्हणजे रॅगिंगच.

नियम झाले, पण ते अमलात यावेत म्हणून दोन आयांना सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. हैदराबादला शिकणारा मुलगा गमावलेल्या राधिका वेमुला आणि मुंबईत पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण घेणारी मुलगी गमावलेल्या जळगावच्या आबेदा तडवी. आरोप कुणावर सिद्ध होतील, कुणावर नाही, ते न्यायालये ठरवतील. पण २०१९ साली या दोघी एकत्र गेल्या आणि त्यांची मागणी काय होती? विद्यापीठांतल्या भेदभावाविरुद्धचे जे नियम २०१२ पासून कागदावर आहेत, ते खरोखर पाळले जावेत. आपली मुले तर परत येणार नव्हतीच. त्या लढत होत्या त्या दुसऱ्यांच्या मुलांसाठी.

तेव्हा संस्था सुटल्या असे माझे म्हणणे नाही. तक्रार आली की ती दाबणारा प्राचार्य, ‘थोडे सोसायला शिका’ म्हणणारा रेक्टर, वर्गात हशा पिकला की स्वतःही मिश्कील हसणारा प्राध्यापक, यांना जाब विचारलाच पाहिजे. पण या सगळ्यांच्या अगोदर एक जागा येते. ती म्हणजे आपले घर. हे मी दुसऱ्याकडे बोट दाखवून म्हणत नाही. त्या हशात मीही होतो.

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात होतो तेव्हाची गोष्ट. आमच्या वर्गात एक मुलगा होता. गाव आडवळणाचे, घरात शिकलेले कुणी नाही. पत्र्याच्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगाने नाव रंगवून घेऊन आलेला. पहिल्या सहामाहीत गणितात तो सगळ्यांच्या पुढे होता. सरांनी फळ्यावर घातलेले गणित आमच्या वहीत दीड पान खाई, ते हा चार ओळींत सोडवायचा. पण त्याच्या बोलण्यात ‘ण’ नव्हता. पाणीला तो ‘पानी’ म्हणायचा आणि गणिताला ‘गनित’.

झाले, त्याचे नाव ‘गनित’ पडले! त्याने हात वर केला की मागच्या बाकांवरून हाळी यायची, “गनित!” तो फळ्याशी गेला की सगळा वर्ग दबक्या आवाजात ‘न’काराची बाराखडी म्हणायचा. मेसमध्ये तो ताट घेऊन आला की कुणीतरी ‘पानी’ मागायचे. सर कधी रागावले नाहीत. एकदा तर तेही हसले. त्याला कुणी मारले नाही, कुणी कोंडले नाही. तक्रार करण्यासारखे काही घडलेच नाही. फक्त दुसऱ्या वर्षापासून त्याने हात वर करणे सोडले. शेवटच्या बाकावर बसू लागला. वसतिगृह सोडून गावात कुणाकडे तरी खोली घेतली. पास झाला, पहिल्या वर्गात झाला आणि गेला. पण पहिल्या सहामाहीत फळ्याशी उभा असलेला तो मुलगा आम्हाला पुन्हा दिसला नाही.

मी त्याला नाव ठेवले नव्हते. मी हाळी दिली नव्हती. मी फक्त हसलो होतो. आणि परीक्षेच्या आदल्या रात्री त्याच्या खोलीवर जाऊन, त्याच्याच वहीवरून मी गणित समजावून घेतले होते. दिव्याखाली बसून त्याने मला रात्री दोन वाजेपर्यंत शिकवले. एकदाही त्या हशाचा उल्लेख केला नाही. मीही केला नाही. आज पस्तीस वर्षांहून अधिक काळ लोटला, पण ती रात्र आठवली की मला अजून ओशाळल्यासारखे होते.

मी ‘न’ला हसायला कुठे शिकलो? महाविद्यालयात नव्हे. आमच्या घरी दूधवाला, भाजीवाली, भांडी घासायला येणारी बाई यांच्या बोलण्याच्या नकला जेवताना होत. मी त्या फार छान करीत असे आणि मोठी माणसे कौतुकाने हसत. कुणाच्याही मनात दुष्टावा नव्हता. घर चांगले होते, वाचणारे होते, देवाधर्माचे होते. पण त्या कौतुकाच्या हसण्यातूनच मी शिकलो की शुद्ध बोलणारा तो आपला आणि बाकीचे करमणुकीचे. वसतिगृहात जाताना मी हे ज्ञान चिवड्याच्या डब्याबरोबरच नेले होते.

आज त्या नकला कमी झाल्या असतील, पण बाकीचे धडे चालूच आहेत. नव्या मित्राचे नाव मुलाने सांगितले की आपला पहिला प्रश्न असतो, “आडनाव काय?” दुसरा असतो, “किती पडले त्याला?” आणि त्या मुलाला चांगल्या ठिकाणी प्रवेश मिळाला असेल आणि आपल्या मुलाला नसेल, तर जेवणाच्या टेबलावर हलक्या आवाजात एक वाक्य येतेच, “कोट्यातून गेला असेल.” आपण ते बोलून विसरून जातो. मुलगा विसरत नाही. दोन महिन्यांनी तोच वसतिगृहाच्या व्हरांड्यात शेजारच्या खोलीतल्या मुलाला सहज विचारतो, “तुझी रँक किती?” प्रश्न साधा आहे, पण तो कशासाठी आहे हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असते आणि ऐकणाऱ्यालाही. एक आकडा सांगितला की माणसाची जात, पत आणि मेसमधली जागा ठरते. शेवटी २०२३ साली मुंबईच्या आयआयटीला, एकमेकांची जात किंवा प्रवेशपरीक्षेतली रँक विचारणे अनुचित आहे, असे विद्यार्थ्यांना लेखी बजावावे लागले. वसतिगृहातली ही सूचना खरे म्हणजे आपल्या स्वयंपाकघरात लावण्यासारखी आहे.

आणि ज्याला आपण छळायला निघतो, तो पुष्कळदा वर्गातला सर्वांत हुशार असतो, हे लक्षात घ्या. आपण ज्या परीक्षेला शिकवणीवर्गांच्या शिडीवरून चढलो, तिथे हा शिडीवाचून पोचला. त्याच्याकडे पाहिले की आपल्या शिडीची आठवण होते. ती होऊ नये म्हणून आपण त्याच्या कपड्यांकडे, डब्याकडे, उच्चारांकडे पाहतो. मीही त्याच्या ‘न’ला हसत होतो ते त्याची चार ओळींची रीत मला येत नव्हती म्हणून. हसण्याने ती मला आली नाही. त्याच्या शेजारी बसल्यावर आली.

आता एका कागदाची गोष्ट. आपला मुलगा कोणत्याही महाविद्यालयात जायचा असेल तर रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र भरावे लागते. हल्ली ते संगणकावर भरून घेतात. आयोगाच्या २००९च्या नियमांनुसार हे प्रतिज्ञापत्र दोघांचे असते, एक विद्यार्थ्याचे आणि एक आईचे, वडिलांचे किंवा पालकांचे. त्यात, माझ्या पाल्याला कुणी त्रास देणार नाही, असे आश्वासन आपल्याला मिळत नाही. आपणच लिहून देतो की हे नियम मी वाचले आहेत आणि माझा पाल्य रॅगिंग करणार नाही. म्हणजे जो प्रश्न आपण घरात कधी विचारत नाही, तो सरकारने आपल्याला विचारून ठेवला आहे आणि आपण त्याचे उत्तरही देऊन टाकले आहे. न वाचता! शिधापत्रिकेची प्रत, दोन फोटो, जातीचा दाखला, गॅप सर्टिफिकेट या गठ्ठ्यात एक सही तिथेही ठोकून दिलेली असते.

माझी सूचना एवढीच आहे की यंदा तो कागद मुलाला शेजारी बसवून मोठ्याने वाचावा. आपल्या घरात कुणाला हसले जाते, याचा दोघांनी मिळून थोडा आठव करावा. आपले चुकले असेल तर मुलासमोर तसे कबूल करावे. पालकाने चूक कबूल केली तर त्याचा मान कमी होत नाही, हे मला फार उशिरा कळले. आणि मग सही करावी.

बिंतीची गोष्ट मी अर्धीच सांगितली. तिच्या यानावर भयंकर हल्ला होतो आणि बहुतेक सगळे मारले जातात. हल्ला करणाऱ्यांचा राग असतो तो विद्यापीठावर. त्यांच्या प्रमुखाच्या शरीराचा एक भाग विद्यापीठातल्या विद्वानांनी चोरून आपल्या संग्रहालयात मांडून ठेवलेला असतो. अभ्यासासाठी! बिंती मध्यस्थी करते. मातीच्या वेण्यांची, सोळा वर्षांची ती मुलगी प्राध्यापकांसमोर उभी राहून बोलते आणि ते ऐकून घेतात. आपल्या संस्थेची चूक झाली हे मान्य करतात, चोरलेली वस्तू परत देतात, आणि काल ज्यांनी हल्ला केला त्यांच्यातल्याच एकाला विद्यार्थी म्हणून प्रवेशही देतात. तो ग्रह मला भविष्यातला वाटतो तो या एका प्रसंगामुळे. जिवंत यानाचे मला फारसे अप्रूप नाही. ज्याला आपण परका म्हणत होतो त्याच्या तोंडून आपली चूक ऐकून घेणारे विद्यापीठ, ही कल्पना मात्र खरोखर फार पुढच्या काळातली आहे.

तितक्या पुढे जायला आपल्याला वेळ लागेल. पण रविवारी दुपारी वसतिगृहातल्या मुलाचा फोन येतो तेव्हा एक काम आजही करता येण्यासारखे आहे. जेवलास का, अभ्यास झाला का, पैसे आहेत का, हे नेहमीचे प्रश्न विचारून झाले की आणखी एक विचारावा.

“तुमच्या मेसमध्ये एकटं कोण जेवतं रे?”

तो म्हणेल, “का? आहे एक जण.”

मग त्याला सांगावे, उद्या ताट घेऊन त्याच्यासमोर जाऊन बस.